श्वास उरतो, त्याचं काय?

ऑबो हे फुंकवाद्य शिकायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात तीन सल्ले हमखास मिळतात. छाती भरून श्वास घे. पोटातून फुंक. आणि पुढेमागे हात बसला की सर्क्युलर ब्रीदिंग शिकून टाक, म्हणजे दमाचा प्रश्नच मिटला. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. कुणी शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलेला असतो, कुणी योगवर्ग चालवतो, कुणाच्या घरात दोन पिढ्या सनई असते, कुणी नुसतेच रात्री जागून व्हिडिओ पाहिलेले असतात. तिन्ही सल्ले कानाला इतके समंजस लागतात की त्यांना उलट प्रश्न विचारायचं कुणाला सुचत नाही. माझं म्हणणं असं की यातला पहिला सल्ला ऑबोवाल्याचं सरळ नुकसान करतो, दुसऱ्यात शरीराविषयीची गल्लत आहे आणि तिसरा कितीही कौतुकाचा असला तरी मूळ दुखण्याला हातच लावत नाही. ऑबोवर श्वास अपुरा पडत नाही, उरतो. उरलेला बाहेर कसा काढायचा हे सांगायचं सोडून आपण आणखी आत कसा कोंबायचा याचे धडे देत बसलो आहोत.

हे उफराटं वाटत असेल तर आधी रीड हातात घेऊन नीट पाहावी. दक्षिण फ्रान्समधल्या व्हार भागात पिकणाऱ्या, आपल्या बोरूची आठवण करून देणाऱ्या पोकळ काडीच्या दोन पात्या समोरासमोर ठेवून धातूच्या एका बारीक नळीवर दोऱ्याने आवळलेल्या असतात. खाली बुचाचं वेष्टण. सगळी मिळून लांबी जेमतेम सात सेंटिमीटर. टोकाशी पात्या इतक्या तासलेल्या असतात की उजेडासमोर धरल्या तर पलीकडचा उजेड दिसतो, आणि दोन पात्यांमधली फट धड एक मिलिमीटरचीही नसते. ओठांनी धरली की ती आणखी मिटते. वादकाच्या छातीतला प्रत्येक थेंब वारा या फटीतूनच जायचा. बासरीवाला उघड्या भोकावर फुंकतो, त्याचा बराचसा वारा बाहेरच सांडतो. ट्युबावाल्याचं मुखपात्र वाटीएवढं, त्याची छाती काही सेकंदांत रिकामी. या दोघांना दम खरोखरच कमी पडतो. ऑबोवाल्याची गोष्ट नेमकी उलट आहे.

त्याला लागतो तो दाब. बोलताना आपण फुप्फुसातल्या हवेवर पाण्याच्या पाच-दहा सेंटिमीटर उंचीइतका दाब देतो. ऑबोवर मधल्या पट्टीत हळू वाजवायचं तरी चाळीसच्या आसपास जावं लागतं, वरच्या सुरांत जोर लावला की हा आकडा शंभरापर्यंत पोचतो. दाब जबर आणि प्रवाह मात्र बेताचा. परिणामी पंधरा-वीस सेकंदांची एक ओळ वाजवून झाली तरी छातीत घेतलेल्या हवेचा मोठा हिस्सा जागच्या जागी असतो. धडधाकट प्रौढ माणूस पूर्ण आत घेऊन पूर्ण सोडू शकतो ती हवा चार-पाच लिटर धरली, तर ओळ संपताना त्यातली निम्मी तरी आतच असते. शिवाय लिटरभर हवा अशी असते की ती कुणालाच कधी बाहेर काढता येत नाही, ती हिशोबाबाहेर.

आता ही आत अडकलेली हवा ताजी राहिलेली नसते. आपण घेतो त्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो आणि कार्बन डायऑक्साइड नावापुरता, ०.०४ टक्के. सोडतो त्या हवेत प्राणवायू सोळा-सतरा टक्क्यांवर आलेला असतो आणि कार्बन डायऑक्साइड चारेक टक्क्यांवर गेलेला. आणि ‘आता श्वास घ्यायलाच हवा’ ही जी तगमग होते ती मुख्यतः प्राणवायू कमी झाल्यामुळे होत नसते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदू घंटा वाजवतो. भरल्या छातीने माणूस गुदमरू शकतो तो यामुळे. मात्र शरीर तेवढा तपशील सांगत नाही, ते फक्त हाक मारतं. शिकणाऱ्याला वाटतं, दम संपला. मग जो सल्ला त्याच्या कानांवर पडलेला असतो तो तो इमानाने पाळतो आणि शिळ्या हवेच्या डोक्यावर ताजी हवा चढवतो.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांत हे दर वेळी दिसतं. आठ बारांची साधी ओळ. शेवटचा सूर डगमगत संपतो, रीड ओठांतून सुटते, खांदे कानांपर्यंत जातात आणि घशातून ‘हक्’ असा आवाज करत मुलगा हवा आत ओढतो. मी विचारते, “अरे, आधीची होती ती कुठे ठेवलीस?” तो गोंधळतो. मग मी सांगते, आता काही वाजवू नकोस, श्वासही घेऊ नकोस, फक्त सोड. तो सोडतो. सोडतच राहतो. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत असतो आणि याच्या नाकातोंडातून हवा येतच असते. दम संपला म्हणून धापा टाकणाऱ्या पोराच्या छातीत एवढा ऐवज होता हे त्याला स्वतःला पटत नाही. मग पुढचा श्वास आपोआप येतो, खोल येतो, खांदे जागेवर राहतात. त्याला ‘छाती भरून घे’ असं कुणी सांगावं लागत नाही.

दादरच्या फलाटावर सकाळी जे रोज ओरडून सांगितलं जातं तेच ऑबोवाल्याला सांगायला हवं: आधी उतरू द्या, मग चढा. गाडीतले उतरलेच नाहीत तर फलाटावरच्यांनी कितीही जोर लावला तरी आत जागा व्हायची कुठून?

हा काही माझा शोध नाही. ऑबोच्या जाणत्या वादकांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. वाद्यांनुसार श्वासाच्या गरजा बदलतात हे आरेंड बौहायस या शरीरशास्त्रज्ञाने १९६४ साली फुंकवाद्यांच्या वादकांची मोजमापं घेऊन मांडलं, त्यालाही साठ वर्षं झाली. तरीही ‘फुंकवाद्य’ असा एकच डबा करून त्यात बासरी, ट्युबा, सॅक्सोफोन, ऑबो सगळं भरायचं आणि सगळ्यांना एकच औषध द्यायचं ही रीत काही जात नाही.

या रीतीच्या समर्थनार्थ एक नाव नेहमी पुढे केलं जातं, आर्नल्ड जेकब्स. शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रामध्ये १९४४ पासून १९८८ पर्यंत ट्युबा वाजवणारा हा माणूस श्वासाचा सगळ्यांत मोठा शिक्षक मानला जातो, आणि ते योग्यच आहे. भरपूर हवा घ्या, ती मोकळी वाहू द्या, हा त्याचा आग्रह. पण तो बसला होता ट्युबामागे, आणि ट्युबाला त्या हवेची खरोखर गरज असते. शिवाय जेकब्सचं अर्धंच सांगितलं जातं. वेगवेगळ्या वाद्यांवर प्रवाह आणि दाब यांचं नातं उलटसुलट असतं, ट्युबाच्या एका टोकाला कमी दाब नि प्रचंड प्रवाह तर ऑबोच्या टोकाला भरपूर दाब नि किरकोळ प्रवाह, हे तोच उपकरणं लावून विद्यार्थ्यांना दाखवत असे. आणखी एक गोष्ट छाती फुगवणाऱ्यांना सांगावीशी वाटते. जेकब्सची स्वतःची फुप्फुसांची क्षमता आजारपणांमुळे बरीच कमी झालेली होती, आणि त्या अवस्थेत त्याने सगळ्यांत खादाड वाद्य जगातल्या अव्वल वाद्यवृंदात वाजवून दाखवलं. मोठी छाती हे तिथेही निर्णायक नव्हतं, मग ऑबोवर कुठून असणार?

दुसरा सल्ला पोटाचा. ‘डायफ्रामने ढकल’ हे वाक्य जगभरच्या संगीतशाळांत दिवसातून किती वेळा उच्चारलं जात असेल कोण जाणे. डायफ्राम हा श्वास आत घेण्याचा स्नायू आहे. तो आकुंचन पावला की खाली जातो आणि हवा आत येते. बाहेर ढकलण्याचं काम पोटाच्या भिंतीतले आणि फासळ्यांमधले स्नायू करतात, तेव्हा डायफ्राम सैलावून वर सरकत असतो. ज्या स्नायूने ढकलताच येत नाही त्याने ढकलायला सांगितल्यावर शिकणारा करतो काय, तर पोट दगडासारखं ताठ करतो. आत घेणारे स्नायू आणि बाहेर काढणारे स्नायू एकमेकांशी कुस्ती खेळतात, गळा आवळतो, सूर थरथरतो. वाजवून झाल्यावरही ते पोट ताठच राहतं. ताठ पोटाने पूर्ण श्वास सोडता येत नाही. म्हणजे दुसरा सल्ला पहिल्याचंच पाप वाढवतो.

‘पोटातून’ हा शब्दप्रयोग अगदी टाकाऊ आहे असं नाही. खांदे वर जाऊ नयेत, गळ्यात ताण येऊ नये, एवढ्यापुरता तो उपयोगी पडतो. गाणारेही तो वापरतात. पण इशारा म्हणून वापरायची गोष्ट शास्त्र म्हणून सांगितली की घोळ होतो.

तिसऱ्या सल्ल्याकडे जाण्याआधी प्राणायाम. इथे मला जरा सबुरीने बोलायला हवं, कारण महाराष्ट्रात प्राणायामाविरुद्ध चकार शब्द काढला की माणसं रागावतात. मी विरुद्ध बोलतच नाहीये. प्राणायामाने मन निवतं, श्वासाकडे लक्ष जातं, खांदे सैल पडतात, आणि ऑबोवाल्याला या तिन्हींची गरज आहे. भांडण आहे ते प्राणायामातलं नेमकं काय उचललं जातं याच्याशी. योगवर्गातून ऑबोकडे आलेला माणूस सोबत पूरक आणि कुंभक घेऊन येतो. खोल घेणं आणि धरून ठेवणं. किती सेकंद धरला याचा त्याला अभिमान असतो. अहो, पण ऑबो हा अख्खा कुंभकच आहे! भरल्या छातीने, दाबाखाली, हवा इंचाइंचाने सोडत राहायची, याहून वेगळं तो काय करतो? ज्याची आधीच अति आहे त्याचा आणखी सराव कशाला? त्याला हवा आहे रेचक. सावकाश, पूर्ण, न घाबरता केलेला रेचक, आणि तोही दोन सुरांच्या मधल्या अर्ध्या सेकंदात उरकता येईल असा. योगाच्या ग्रंथांत रेचकाला कमी लेखलेलं नाही. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या समाधिपादात चित्त स्थिर करण्याचा उपाय म्हणून श्वासाचा उल्लेख येतो तिथेही आधी बाहेर टाकण्याचंच नाव आहे. परंपरेने पहिल्या पंगतीत बसवलेला रेचक आमच्या वर्गांतून शेवटच्या पंगतीत कसा गेला याचं उत्तर प्राणायाम शिकवणाऱ्यांनी द्यावं. माझा तर्क साधा आहे: घेतलेला श्वास फुगलेल्या छातीत दिसतो, फोटोत येतो. सोडलेला दिसत नाही.

जाता जाता एक इशारा. ऑबो किंवा ट्रम्पेटसारखी वाद्यं वाजवताना डोळ्यांतला दाब तेवढ्यापुरता वाढतो हे तपासून पाहिलेलं आहे. काचबिंदू असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. पण ‘ऑबो वाजवणारा पुढे वेडा होतो, वारा मेंदूत जातो’ ही जी जुनी थाप आहे तिला काही आधार नाही. वारा मेंदूत जात नाही. तो छातीतच राहतो, आणि तक्रार तीच आहे.

तिसरा सल्ला, सर्क्युलर ब्रीदिंगचा, सर्वांत मोहक, म्हणून त्याला जास्त जागा द्यावी लागते. गालांत थोडी हवा साठवायची, ती गालांनी दाबून रीडमध्ये सोडत असतानाच नाकाने झटकन श्वास घ्यायचा, आणि सूर तुटू द्यायचा नाही. कौशल्य खरंच आहे. ऑबोवर ते बासरीपेक्षा सोपंही पडतं, कारण फट बारीक असल्याने गालातली हवा जास्त वेळ पुरते. हाइन्त्स होलिगरसारख्या वादकाने ते अशा उंचीवर नेलं की समकालीन रचनाकारांनी ते गृहीत धरून लिहायला सुरुवात केली. पण काय केलं जातंय तिकडे पाहा. नाकाने हवा आत घेतली. बाहेर काही गेलं का? नाही. आत आणखी भर पडली. सर्क्युलर ब्रीदिंग नव्याने शिकलेला ऑबोवादक अर्ध्या मिनिटात फुग्यासारखा तट्ट होतो तो याच कारणाने, आणि मग वाजवणं थांबवून श्वास घेतो असंही नाही, थांबवून सोडतो. ज्यांना हे तंत्र खरोखर साधलेलं असतं ते गालांच्या भरवशावर सूर धरून नाकाने हवा बाहेरही टाकतात, आणि नवीन घेणं त्यानंतरचं. म्हणजे तंत्राचा उपयोग असेल तर तोही सोडण्यासाठीच आहे. शिकवताना हा उत्तरार्ध गायब असतो.

या वादात रिचर्ड श्ट्राउसचा ऑबो कन्चर्टो ठरलेला हुकमाचा एक्का. १९४५ साली, युद्ध नुकतंच थांबलेलं असताना, गार्मिशच्या घरी राहणाऱ्या श्ट्राउसकडे जॉन डी लँसी नावाचा अमेरिकन सैनिक गेला. युद्धापूर्वी तो पिट्सबर्गच्या वाद्यवृंदात ऑबो वाजवत असे. ऑबोसाठी कन्चर्टो लिहिण्याचा कधी विचार केलात का, असं त्याने विचारलं, म्हातारा ‘नाही’ म्हणाला, आणि त्याच वर्षी लिहूनही मोकळा झाला. पहिला प्रयोग २६ फेब्रुवारी १९४६ ला झुरिकमध्ये मार्सेल सॅले यांनी केला. सुरुवातीला दोन बार चेलो चार सुरांची कुजबुज करतात, आणि मग ऑबो जो सुरू होतो तो तब्बल ५६ बार विश्रांतीचं नाव घेत नाही. ‘बघा, इथे सर्क्युलर ब्रीदिंगशिवाय गत्यंतर आहे का?’ असं मला विचारलं जातं.

आहे. या कन्चर्टोच्या पहिल्या पानावर ज्याला त्रास होतो तो तिसऱ्या-चौथ्या ओळीत होतो, पहिलीत कधीच नाही. हवा संपायची असती तर पहिल्याच लांब ओळीत संपली असती. त्रास साचत जातो. स्वरलिपीत विश्रांतीचं चिन्ह नसलं तरी ओळी वळतात, सूर एका बंधातून सुटून दुसऱ्यात जातात, आणि त्या फटींत शहाणा वादक एकदा सोडतो, एकदा घेतो. दोन्ही एकाच फटीत करण्याचा हट्ट धरत नाही. हे दोन वेगवेगळ्या ठिकाणी करता येतं हेच बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. एका वळणावर फक्त सोडायचं, उरलेल्यावर पुढचे काही सूर वाजवायचे, पुढच्या वळणावर घ्यायचं. रिकाम्या छातीने सूर कसा लागेल, असं वाटेल. छाती रिकामी होतच नाही, आधी हिशोब मांडला आहे.

याच श्ट्राउसने तीस वर्षं आधी फुंकवाद्यांच्या दमावर एक वेगळाच तोडगा पुढे केला होता. १९१५ च्या ‘आल्पाइन सिम्फनी’त लांबलचक सुरांसाठी त्याने ‘एरोफोन’ नावाचं यंत्र वापरायला सुचवलं. बर्नार्ड सॅम्युएल्स या बासरीवादकाने ते काढलेलं. पायाने चालवायचा भाता आणि त्यातून निघून वादकाच्या तोंडाच्या कोपऱ्यात जाणारी नळी. यंत्र लवकरच अडगळीत गेलं आणि आज लोक त्यावर हसतात. मला त्यात एक मर्म दिसतं. भात्याने तोंडात हवा पुरवली की वादकाची छाती मोकळी होते. तो नाकाने हवं तेव्हा घेऊ शकतो आणि हवं तेव्हा सोडू शकतो. जास्त हवा छातीत भरा असं ते यंत्र म्हणतच नव्हतं.

सनईच्या घराण्यांतून येणारा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. ‘आमच्याकडे सूर धरणारा तासन् तास सूर तुटू देत नाही. आमच्या लेकरांना हे लहानपणीच येतं. तुम्ही ऑबोवाले त्याचं एवढं अवडंबर का करता?’ देवळाच्या नगारखान्यात बसून पहाटे सनई वाजवणाऱ्यांचा आणि सोलापूरकडे सुंदरी या वाद्यावर हात चालवणाऱ्यांचा दमसास मी ऐकलेला आहे, आणि त्यापुढे मान झुकवायलाच हवी. पण दोन गोष्टी आहेत. सनईची पत्ती रुंद आणि मऊ, ऑबोची रीड अरुंद आणि कडक. एकीवरची सवय दुसरीवर जशीच्या तशी चालत नाही. दुसरं असं की सनईची बैठक नीट ऐका. मुख्य वादक एक आलाप संपवून थांबतो. चांगला थांबतो. त्या वेळात साथीचा सूर चालू असतो म्हणून मैफल तुटली असं कुणाला वाटत नाही, आणि तो बिनघोर श्वास सोडतो, पुन्हा घेतो. अखंडतेचं ओझं एकट्याच्या छातीवर टाकण्याची चूक आपल्या परंपरेने केलेलीच नाही. तिने ते वाटून घेतलं. ऑर्केस्ट्रातही दोन वादक एकच ओळ वाजवत असतील तर श्वासाच्या जागा मागेपुढे ठेवतात. मग सनईचा दाखला देऊन एकट्या ऑबोवाल्याने कधीच थांबू नये असं सांगणं म्हणजे सनईवरही अन्यायच.

आणि समजा, कुणी अख्खा बाख श्वासासाठी एकदाही न थांबता वाजवला. तो ऐकायला बरा वाटेल असं गृहीत का धरायचं? मला नाही वाटत. १७२७ मध्ये बाखने ‘इश हाबे गेनुग’ या कॅन्टाटात गायकाच्या जोडीला ऑबो दिला तेव्हा श्वास घेणाऱ्या दोन माणसांचं बोलणं त्याच्या मनात होतं हे ती स्वररचनाच सांगते. गायक श्वास घेतो, ऑबोने घेतला तर बिघडतं कुठे?

उलट बाजूने एक प्रामाणिक शंका विचारली जाते ती अशी: सारा दोष श्वास न सोडण्याचाच असेल तर नुसतं सोडायला शिकवून सगळ्यांचं भलं का होत नाही? होत नाही, कारण पुष्कळदा दुखणं श्वासाचं नसून रीडचं असतं. मुंबईत जूनमध्ये हवा दमट झाली की काडी फुगते, फट उघडते, रीड जड होते. रीडची तीच पेटी डिसेंबरात पुण्याला नेली तर फट मिटते, सूर घुसमटतो. रीड चाकूने तासून हवामानाप्रमाणे जमवून घ्यायची असते, आणि ते शिकवणारी माणसं आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तयार रीड बाहेरून मागवायची तर खिशाला कात्री, म्हणून मुलं एकच कडक रीड महिनोन्‌महिने ताणतात. कडक रीडला दाब जास्त, दाब वाढला की ओठ चावतात, गळा आवळतो, मऊ टाळू थकून कधी कधी नाकातून ‘खर्र’ असा वारा सुटतो. मग घरचे म्हणतात, याची छाती कमजोर आहे, याला पळायला पाठवा. पळायला जरूर पाठवा, तब्येतीला चांगलं. पण आधी ती रीड कुणाला तरी दाखवा.

मी नवशिक्यांना पहिले काही दिवस वाद्य जोडूच देत नाही. नुसती रीड पाण्यात भिजवून ओठांत धरायची आणि अर्ध्या छातीने फुंकायचं. अर्ध्या, पूर्ण नव्हे. रीड कोकलते, घरचे वैतागतात, ते सोसायचं. मग रीड ओठांतून न काढता तोंडाच्या कोपऱ्यांतून आणि नाकातून उरलेली हवा सोडायची. कोपरे सुटले आणि मधला भाग जागेवर राहिला हे जमायला वेळ लागतो, आणि पुढे सगळं यावरच चालतं. हे जमलं की शिसपेन्सिल. स्वरलिपीवर घेण्याच्या खुणा सगळेच करतात. मी सोडण्याच्या खुणा वेगळ्या करायला लावते, आणि त्या आधी. कुठे घ्यायचं ते मग उरलेल्या जागांतून ठरतं.

चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिम्फनीचा दुसरा भाग यासाठी फार चांगला. १८७८ पासून जगभरचे ऑबोवाले यात परीक्षा देत आले आहेत. तंतुवाद्यं बोटांनी टिचकत असतात आणि ऑबो एकटा, वीस-एक बार, जवळपास एकसारख्या लांबीच्या सुरांचं गाणं म्हणतो. बोटांना काही अवघड नाही. पहिल्या वर्षाच्या मुलालाही सूर सापडतात. विश्रांती जवळजवळ नाहीच. ‘छाती भरून घे’ हा सल्ला ऐकून आलेला वादक इथे डौलात सुरुवात करतो, कारण पहिल्या चार-सहा बारांत भरलेली छाती छान वाटते. अर्ध्यावर येतो तेव्हा चेहरा तांबडा होतो. शेवटचे बार तो नुसता सोसतो, आणि जे गाणं साधेपणाने म्हणायला रचनाकाराने सांगितलं आहे त्यात धापांची घाई शिरते. याच पानावर दोन-तीन ठिकाणी, ओळ वळते तिथे, फक्त सोडण्याच्या खुणा करून पाहा. पहिल्यांदा भीती वाटते. सूर रोडावेल असं वाटतं. तो रोडावत नाही, कारण रीडला हवा तो दाब द्यायला उरलेला लिटरभर वारा भरपूर होतो.

यावर शेवटची तक्रार येते ती ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची. सोडलेला श्वास मायक्रोफोनला ऐकू येतो म्हणे. घेतलेलाही येतो, आणि तो जास्त कर्कश असतो, पण त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. सभागृहात चौथ्या रांगेच्या मागे यातलं काहीच पोचत नाही. मायक्रोफोन हातभर मागे सरकवावा.